आधी शीव, मग सातबारा : सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वाडवडिलांची जमीन शोधताना

गणपतीला पंधरा दिवस राहिले की माझा फोन वाजायला लागतो. डोंबिवलीहून, नालासोपाऱ्याहून, कधी पुण्याहून. प्रश्न एकच असतो. "आमची गावाला जमीन आहे असं बाबा म्हणायचे. कुठे, किती, कुणाच्या नावावर, काही ठाऊक नाही. सुरुवात कुठून करायची?" मी मालवण आणि देवगड या दोन तालुक्यांत मिळून एकतीस वर्षं तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. घाटावर ज्या पद्धतीने जमीन सापडते, त्या पद्धतीने ती इथे सापडत नाही. तिथे गावठाण असतं, भोवती शेतं असतात, गट नंबर असतो. आमच्याकडे घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली आहेत, कित्येक गावांना गावठाणच नाही, आणि जमिनीचे सर्व्हे नंबर, त्यात हिस्से, हिस्स्यात पुन्हा हिस्से. त्यात माणसं कमी. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१ उरली. राज्यात बहुतेक जिल्हे वाढत असताना आपला घटला. दर चौरस किलोमीटरला १६३ माणसं, राज्याची सरासरी ३६५. त्यातली बरीचशी महामार्गाच्या कडेच्या गावांत. किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत वीस घरं असतात आणि चूल सहा घरांत पेटते. जमिनीची माहिती त्या सहा घरांत असते, बाकी सगळीकडे कुलूप. म्हणून सांगतो, कागद नंतरही मिळतील. माणसं आधी गाठा.

नकाशा एकदा नीट बघा

जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणून आजोबांच्या कागदावर "जिल्हा रत्नागिरी, तालुका मालवण" दिसलं तर दचकू नका, तो तुमचाच कागद आहे. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, त्यालाच सिंधुदुर्गनगरी म्हणतात. तालुके आठ. समुद्राला लागलेले तीनच : देवगड, मालवण, वेंगुर्ला. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वैभववाडी आणि सावंतवाडीतून वेगळा झालेला दोडामार्ग हे आतले. कोकण रेल्वे आतल्या तालुक्यांतून जाते, महामार्गही तिथूनच. देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिघांत एकही रेल्वे स्टेशन नाही. देवगडला जाणारा नांदगावला किंवा कणकवलीला उतरतो, मालवणचा माणूस सिंधुदुर्ग किंवा कुडाळला, वेंगुर्ल्याचा कुडाळ किंवा सावंतवाडीला. चिपीचा विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण जमिनीच्या कामाला येणारा माणूस शेवटी एसटीनेच वाडीत पोचतो.

किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा, आणि तो खाड्यांनी कापलेला. उत्तरेला वाघोटन नदीची विजयदुर्ग खाडी. पलीकडच्या तीरावर राजापूर तालुका, म्हणजे दुसरा जिल्हा. मग देवगडची, आचऱ्याची, गड नदीची कालावल खाडी, देवबागला कर्ली, आणि दक्षिणेला तेरेखोल. खाडी म्हणजे हाकेच्या अंतरावरचं गाव रस्त्याने कितीतरी किलोमीटर लांब. माझ्या सुरुवातीच्या काळात पूल कमी होते, तरीची होडी चुकली की मी दप्तर उशाला घेऊन खाडीकाठच्या दुकानाच्या ओट्यावर झोपलोय. म्हणून तुमचं गाव खाडीच्या कुठल्या अंगाला आहे हे आधी बघा. तालुका, सजा (म्हणजे एका तलाठ्याकडची गावं), पोलीस ठाणं, सगळं त्यावर ठरतं. पण नदी म्हणजे हद्दच असं मात्र धरू नका. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, आमच्या बाजूला आहे, तरी तो गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतो.

अजून एक जुनी रेघ आहे, आजच्या नकाशावर ती दिसत नाही. सावंतवाडी, कुडाळ हा भाग १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, तर मालवण, देवगड, वेंगुर्ला इंग्रजी अमलात. जुने कागद शोधताना संस्थानाचं दप्तर वेगळं आणि इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्याचं वेगळं हे लक्षात असू द्या. दोन्हीकडे मोडी लागतेच. मोडी वाचणारा माणूस आधी हेरून ठेवा.

गावाचं नाव म्हणजे नेमकं कुठलं नाव?

इथे निम्मे लोक अडकतात. तुम्ही म्हणता तो गाव बहुतेक वेळा वाडी असते. वाडीला महसुली दप्तरात स्थान नाही. सातबारा असतो तो महसुली गावाचा. दोन-तीन महसुली गावं मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत असू शकते, तिचं नाव तिसरंच. पोस्ट आणखी चौथ्या ठिकाणी. शाळेच्या दाखल्यावर पोस्टाचं नाव असतं, लग्नपत्रिकेवर वाडीचं, सातबाऱ्यावर महसुली गावाचं. त्यात बुद्रुक, खुर्द, तर्फ, कर्यात अशी शेपटं. कुडाळ तालुक्यात नेरूर शोधायला जाल तर दप्तरात "नेरूर तर्फ हवेली" असं सापडेल.

महसुली गाव ओळखायची माझी रीत साधी आहे. गावातल्या कुठल्याही शेजाऱ्याचा सातबारा मागून बघा. त्यावर वर जे गाव लिहिलंय तेच तुमचं. दुसरी रीत जुनी, मला जास्त आवडते. ग्रामदेवतेचं देऊळ कुठलं आणि शीव कुठे ते विचारा. आचऱ्यात काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस तीन रात्री सगळा गाव, गुरंढोरं, कोंबड्यासुद्धा घेऊन शिवेबाहेर राहतो. तेव्हा झोपड्या कुठे उभ्या राहतात ते बघा, गावाची हद्द पायाखाली कळते. मी दप्तरातला गावनकाशा घेऊन एका गावपळणीत शीव चाललो होतो. म्हाताऱ्या गावकऱ्यांनी दाखवलेली शीव आणि नकाशावरची रेघ यांत एका वहाळाच्या वळणाचाच काय तो फरक निघाला. ज्या गावात गावपळण नाही तिथे शिवेवर राखणदाराचं ठिकाण असतं, नारळ ठेवतात ती जागा. ती विचारा.

मुंबईतून निघण्याआधी

घरातली पत्र्याची पेटी उघडा. साऱ्याच्या पावत्या, मनिऑर्डरीच्या चिठ्ठ्या, जुनी रेशनकार्डं, आजोबांची पत्रं. यातलं काही टाकू नका. एकदा एक बहीणभाऊ माझ्याकडे आले होते, हातात फक्त एक मनिऑर्डरीचं कुपन. त्यावर काकांनी लिहिलेलं, "मळ्यातल्या कुणग्याचो सारो भरलंय, वहाळाकडचो गडगो पडलो हा." बस. (गडगा म्हणजे दगड रचून घातलेलं कुंपण, वहाळ म्हणजे ओढा.) पण त्यातून मला तीन गोष्टी कळल्या. जमीन मळ्यात आहे, तिच्या एका अंगाला वहाळ आहे, आणि सारा त्यांच्याच घरातून जात होता. पावती पुस्तकाचं साल कुपनाच्या तारखेशी जुळवलं, खातं सापडलं.

मग वंशावळ लिहा. पणजोबांपासून खाली, सगळ्या मुली धरून, त्यांची सासरची नावं धरून. घरात हाक मारायची नावंही लिहा, कारण दप्तरात "बाबी", "दाजी", "तात्या" अशीच नावं चढलेली असतात. एका सातबाऱ्यावर "पांडू" आणि मृत्यूच्या दाखल्यावर "पांडुरंग" असं होतं, तेवढ्यावर वारसनोंद आठ महिने अडली. मृत्यूचे दाखले मुंबईचे असतील तर मुंबईतच काढून आणा. ती एक खेप वाचते.

सातबारा वाचायचा कसा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावाने शोधा. तिथे फुकट दिसतो तो फक्त बघण्यापुरता. कामाला डिजिटल सहीचा लागतो, १५ रुपये शुल्क. सोबत आठ-अ काढा, त्यात एका खात्यावरच्या सगळ्या जमिनी एकत्र दिसतात. लोक एकच सर्व्हे नंबर धरून बसतात आणि आठ-अ न काढल्यामुळे सड्यावरचा, म्हणजे वरच्या पठारावरचा, दुसरा तुकडा विसरतात.

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. ०.०८.१० म्हणजे आठ आर दहा चौरस मीटर, एकूण ८१० चौरस मीटर, जवळजवळ बरोबर आठ गुंठे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. हिस्सेही आण्यातच लिहीत. "२ आणे ८ पै" दिसलं तर घाबरू नका. रुपयाच्या १९२ पै, त्यातल्या ३२, म्हणजे सहावा हिस्सा. त्या आठ गुंठ्यांवर चौदा नावं असतील तर सहाव्या हिस्स्याला काय येतं ते गणित घरीच करून बघा. बऱ्याच भांडणांची हवा तिथेच जाते.

डाव्या बाजूची नावं वाचून थांबू नका. "इतर अधिकार" या रकान्यात जमिनीचं खरं आयुष्य असतं. कुळाचं नाव तिथे असतं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जो कसत होता त्याला कूळकायद्याने मालकी मिळाली. "आमची जमीन कुळाने खाल्ली" असं मुंबईत फार ऐकू येतं. ज्याने तीन पिढ्या त्या चिखलात भात लावला त्याला खाल्ली म्हणू नये, एवढीच माझी विनंती. बँकेचा बोजा, वनाची नोंद, सरकारी शेरे, सगळं त्याच रकान्यात. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ तेही बघा. वर्ग २ असेल तर विकायला परवानगी लागते. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनीला आकारीपड म्हणतात, आपल्या जिल्ह्यात तो विषय मोठा आहे. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांनी जमीन सामाईक धरण्याचा, हा आणखी निराळा प्रकार आहे. तुमचं मूळ तिथलं असेल तर त्या गावातल्याच जाणत्याला विचारा.

प्रत्येक नावाखाली फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर असतो. तोच धागा. शेवटचा फेरफार काढा, तो आधीच्याकडे नेतो, तो त्याच्या आधीच्याकडे. जुन्या फेरफारांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. मागे जात जात पणजोबांचं नाव आलं की थांबा, आणि त्या कागदाच्या तीन प्रती करा.

आता प्रत्यक्ष जागेवर

गणपतीत जमीन बघायला जाऊ नका. गणपतीत सगळी भावकी गावात असते, तेव्हा वंशावळ पुरी करा, सह्या घ्या, कोण कुठे राहतं ते लिहून घ्या. पण जमिनीवर तेव्हा कमरेएवढं गवत असतं, मळ्यात भात उभं असतं, पायाखाली काही दिसत नाही. माघ-फाल्गुनात या. गवत कापलेलं असतं, वहाळ आटलेले असतात, गडगे उघडे पडतात. सकाळी सात ते दहा. नंतर कातळावर ऊन उभं राहू देत नाही.

सोबत दोन माणसं हवीत : एक वाडीतलं सगळ्यांत वयस्क आणि एक शेजारच्या जमिनीचं. शेजाऱ्याला मागाहून कळलं तर वाद होतो, आधी बोलावलं तर तोच खूण दाखवतो.

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत मी एका कुटुंबाबरोबर गेलो होतो. तिथल्या काकी ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी आणि कोयती. तीन तास मी टिपणाचा, म्हणजे जुन्या मोजणीचा, कागद घेऊन सड्याच्या उतारावर हद्दीचा दगड शोधत होतो. त्या बांधावर बसून बघत होत्या. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, कागदार काय लिवलाहा ता माका म्हायत नाय. ह्यो गडगो माज्या सासऱ्यान घातल्यान, चिरे मी डोक्यावरसून हाडलंय. त्या रातांब्यापासून मोजा." रातांब्याचं झाड वाळून गेलेलं होतं, नुसता खुंट. त्यापासून वहाळाच्या दिशेने गेलो. करवंदीची जाळी होती, काकींनी स्वतः कोयतीने तोडली. आत पालापाचोळा, त्याखाली हातभर कोरलेला काळा दगड, माथ्यावर फुलीची खूण. मुंबईहून आलेल्या नातवाने त्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या वर्षी काकी गेल्या. तो दगड कुठे आहे हे आता त्या नातवाला आणि मला ठाऊक आहे.

जागेवर गेल्यावर लोकांची नावं लिहून घ्या, सर्व्हे नंबर नंतर जुळवा. मळा म्हणजे वहाळाकाठची ओलाव्याची भातजमीन, तिच्या तुकड्याला कुणगा. भरड म्हणजे उंचावरची कोरडवाहू. वरकस म्हणजे डोंगरउताराची, नाचणी-वरीची आणि गवताची. सडा किंवा कातळ म्हणजे वरचं सपाट जांभ्याचं पठार. मेर म्हणजे शेताचा बांध, वई म्हणजे काट्यांचं कुंपण, पाणंद म्हणजे दोन गडग्यांमधली वाट. "पाणंदीच्या वरचो कुणगो" असं कुणी म्हणालं तर तेवढ्यात तीन खुणा आल्या. मोबाइलवर जागेचं ठिकाण टिपून ठेवा, पण त्यासोबत म्हाताऱ्या माणसाचा आवाजही रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन.

पाण्यापासून सड्यापर्यंत, कुठे कुणाची हद्द

हे नीट वाचा, इथे पैसा आणि वर्षं दोन्ही वाया जातात. एकाच सर्व्हे नंबरचा तुकडा समुद्राकडून डोंगराकडे जाताना चार खात्यांच्या हातातून जातो, आणि प्रत्येक खातं स्वतःपुरतंच सांगतं.

भरतीच्या रेषेखालचं सगळं सरकारचं. समुद्राचा, खाडीचा तळ राज्याच्या मालकीचा, हे जमीन महसूल संहितेतच आहे. तुमच्या सातबाऱ्यावर वीस गुंठे असतील आणि समुद्राने पाच खाल्ले असतील तर कागद आपोआप बदलत नाही. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तिथे मी माडांच्या रांगा पाण्यात जाताना पाहिल्यात. मालक साऱ्याची पावती दाखवतो आणि जमिनीच्या जागी लाट. धुपून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करून घेण्याची तरतूद आहे, तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो, पंचनामा लागतो. धूप झाली त्याच हंगामात फोटो काढा आणि अर्ज द्या.

जेटी, बंदर, होडीवाहतूक हे मेरीटाइम बोर्डाकडे. ते १९९६ च्या कायद्याने आलं. मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे. मालवणसमोर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर, तिथे वन खातं.

भरतीरेषेच्या वर आलात की सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं असलेला पट्टा. इथे आपली विरळ वस्ती थेट आडवी येते. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर एक, कमी असतील तर दुसरा. दाट वस्तीला भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास पट्टा, विरळ वस्तीला २०० मीटर. आमच्या जिल्ह्याची घनता १६३. मग आमच्या किनाऱ्यावरची गावं बहुतेक कुठल्या रकान्यात पडतात ते तुम्हीच बघा. माणसं पोटासाठी मुंबईला गेली म्हणून मागे राहिलेल्याला घर बांधायला दोनशे मीटर मागे जावं लागतं. मला हे आजही बोचतं. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मूळ जोतं न वाढवता करता येते, म्हणून जुन्या घराची ग्रामपंचायतीतली नोंद सोन्यासारखी जपा.

खाडीकाठी खार जमिनी. बांध घालून, भरतीचं पाणी झडपेने अडवून केलेली भातशेती. बांध फुटला आणि दोन-चार वर्षं कुणी बघितलं नाही की आत खारं पाणी येतं, मागोमाग कांदळ, म्हणजे खारफुटीची झाडं. कांदळ उगवलं की मामला महसुलाचा राहत नाही, तोडायला मनाई आहे, सीआरझेड आणि वन खातं दोन्ही येतात. मालकी कागदावर तुमची, कसणं बंद. म्हणून खारीत जमीन असेल तर सगळ्यांत आधी बांध बघा. बांध सरकारी योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे, खासगी असेल तर भावकीने वर्गणी काढून पावसाआधी बांधून घ्यावा.

घराचं कोडं वेगळं. घराखालची जमीन तलाठ्याकडे, घर ग्रामपंचायतीकडे. घरपट्टीचा असेसमेंट उतारा मालकीचा पुरावा नव्हे, पण घर होतं याचा पुरावा आहे. गावठाण नसल्यामुळे वाडीतल्या घराला घाटासारखं प्रॉपर्टी कार्ड मिळेल अशी आशा धरू नका, घर शेतजमिनीच्याच सर्व्हे नंबरात असतं.

वारसनोंद

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आता ई-हक्क वरून ऑनलाइनही करता येतो. तलाठी वारस नोंदवहीत घेतो, सहा नंबरच्या वहीत फेरफार धरतो, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला. मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. हरकत आली तर तक्रारनोंद, मग सुनावणी. पुढे अपील प्रांताकडे, त्यापुढे वरच्या अधिकाऱ्यांकडे. हायकोर्टापर्यंत जायची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक म्हातारे वारले. तीन मुलगे आले, वंशावळीत फक्त तिघांची नावं. मला त्या घरातल्या दोन मुली माहीत होत्या. एकीच्या लग्नात मी जेवलो होतो. मी विचारलंही. मोठा मुलगा म्हणाला, "त्यांचा काय, त्या दिलेल्या घरी सुखी असत." मी नोंद धरली. नोटीस चावडीवर लावली, मुली मुंबईत, त्यांना कोण सांगणार? वीस वर्षांनी धाकटी माझ्या दारात आली. नवरा गेलेला, माहेरच्या घराच्या मागे एक खोली बांधायची होती. तिला भावांच्या पायाशी बसावं लागलं, माझ्या एका सहीमुळे. ती मला रागाने काहीही बोलली नाही. ते मला जास्त लागलं. त्यानंतर मी एकही वंशावळ मुली विचारल्याशिवाय घेतली नाही. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुम्ही अर्ज करत असाल तर बहिणींची, आत्यांची नावं घाला. कुणाला हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः, समजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. नाव न घालणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे.

मोजणी

नावं लागली की मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात, आता ऑनलाइन अर्ज होतो. हद्द कायम करायची की पोटहिस्सा पाडायचा ते आधी ठरवा, दोन्हींचे अर्ज वेगळे. शेजाऱ्यांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी सगळे शेजारी हजर राहतील अशी तारीख निघेल ते बघा, आणि त्याआधी गडी लावून हद्दीवरची झुडपं साफ करून ठेवा. भूकरमापक आला आणि जाळीत शिरता आलं नाही म्हणून मोजणी परत गेली, असं मी कितीदा पाहिलंय. भूकरमापकाला पाणी आणि दुपारचं जेवण द्या. तो दिवसभर तुमच्याच कातळावर तापतो.

मोजणी झाली की हद्दीच्या खुणांवर लगेच, त्याच दिवशी, चिरे रोवा. चुन्याची फक्की पहिल्या पावसात जाते. मग नकाशा येतो, त्याला "क" प्रत म्हणतात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि "क" प्रतीवरचं क्षेत्र थोडं वेगळं निघू शकतं. त्यावरून शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका, कार्यालयात विचारा, जुन्या टिपणातच फरक असतो.

"क" प्रतीच्या झेरॉक्स काढा. एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे, आणि एक गावात ज्याच्या घरी चूल पेटते त्या चुलत्याकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, माळ्यावर नको, तिथे वाळवी लागते. देवघराच्या फडताळात ठेवायला सांगा.